लहान सुखे आणि मोठे क्षोभ : प्रस्तावना

प्राचीन तत्त्वज्ञांविषयी आपल्याकडील सुशिक्षित वाचकांत दोन समजुती इतक्या दृढमूल झालेल्या आढळतात की, त्या बाजूला सारल्यावाचून या ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणात पाऊल टाकणेही दुर्घट व्हावे. पहिली समजूत अशी की, विकारांवर जय मिळवा असा उपदेश करणारे सारे आचार्य, मग ते अथेन्सचे असोत की मगधाचे, माणसाला पाषाण करू पाहत होते. आणि दुसरी अशी की, सुखाचा पक्ष घेणारे जे थोडे विचारवंत होऊन गेले ते सगळे कर्जबाजारी होऊन तुपावर ताव मारणारे चैनी लोक होते. या दोन्ही समजुतींचा उगम त्या त्या पंथाच्या प्रतिपक्षाच्या लिखाणात आहे. चार्वाकांचे मूळ सूत्रवाङ्मय नष्ट झाले असून त्यांच्या मतांची जी हकीकत आपल्या हाती आहे ती बहुतांशी त्यांच्या खंडनकारांनी, विशेषतः चौदाव्या शतकातील माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रहा’त नमूद केलेली आहे, आणि ज्या ग्रीक सुखवादी एपिक्युरसने तीनशेच्या आसपास ग्रंथ लिहिले असे त्याचा चरित्रकार सांगतो, त्याची तीन पत्रे, 40 मुख्य सिद्धांत आणि काही विखुरलेली वचने मुख्यतः एवढाच ऐवज शिल्लक राहिला आहे. ज्याचे म्हणणे प्रतिपक्षानेच लिहून ठेवले आहे त्याच्यासंबंधी निवाडा करताना वाचकाने जी सावधगिरी बाळगावयास हवी, तिची अपेक्षा मी आरंभीच व्यक्त करून ठेवतो.

क्रोध, भय, शोक यांचे नियमन आणि खाण्यापिण्याची, गप्पांची, वाऱ्याची साधी सुखे हे दोन विषय एकाच ग्रंथात का गोवले, असा प्रश्न कोणीही विचारील. आपल्या नित्याच्या व्यवहारात पहिला विषय कीर्तनकाराकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो आणि दुसरा स्वयंपाकघराकडे. परंतु ज्या आचार्यांचा परामर्श येथे घेतला आहे त्यांच्यापैकी बहुतेकांनी ही विभागणी मान्य केलेली नाही. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात बुद्धिनाशापर्यंत पोहोचणारी जी प्रसिद्ध परंपरा सांगितली आहे, ती क्रोधापासून सुरू होत नाही. ती एखाद्या विषयाचे मनात घोळत राहणारे चिंतन, या अगदी निरुपद्रवी दिसणाऱ्या बिंदूपासून सुरू होते, त्यातून संग, संगातून काम आणि मग कोठे कामातून क्रोध जन्मास येतो. बुद्धाने सांगितलेल्या निदानशृंखलेतही वेदना, म्हणजे सुखदुःखाचा नुसता अनुभव, आणि तृष्णा यांच्यामधला सांधा हाच साधकाने हात घालण्याचा सांधा मानला गेला. ग्रीकांकडे वळावे तर लंगडा, दास्यात वाढलेला एपिक्टेटस आपल्या शिष्यांना प्रारंभीच पुत्रवियोगाची तयारी करावयास सांगत नाही. तो त्यांना घरातल्या मडक्यापासून सुरुवात करावयास लावतो, ते फुटण्याजोगे आहे हे ते हातात असतानाच ओळखून ठेवा म्हणतो, आणि मग पायरीपायरीने माणसांपर्यंत येतो. तात्पर्य, मोठ्या क्षोभाची तालीम लहान सुखाच्या आखाड्यात होते, ही गोष्ट परस्परांना न ओळखणाऱ्या या लोकांना स्वतंत्रपणे उमगलेली दिसते. आणि हेच या ग्रंथाचे प्रतिपाद्य आहे.

हे लेखन ज्या ठिकाणी पुरे झाले त्या ठिकाणाचाही या विषयाशी संबंध आहे, आणि तो केवळ मुक्कामापुरता नाही. मोरा हे उरण तालुक्यातील बंदर, मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून सुटणाऱ्या लाँचचे शेवटचे ठिकाण, एका अंगाला कोळीवाडा आणि दुसऱ्या अंगाला नव्या मुंबईचा दिवसेंदिवस सरकत येणारा विस्तार. मोठ्या ओहोटीला बंदरातल्या गाळामुळे लाँच धक्क्याला लागत नाही, फेऱ्या थांबतात, आणि मग ज्यांना कचेरी गाठावयाची असते अशा उतारूंमध्ये तत्त्वज्ञानाच्या सर्व शाखांचे अनुयायी एकाच वेळी पाहावयास मिळतात. एकोणिसाव्या शतकात या उरण परिसरात मोहाच्या दारूच्या भट्ट्या होत्या आणि मिठागरे होती. म्हणजे जिभेला हवेसे वाटणारे दोन पदार्थ येथे तयार होत आणि त्या दोहोंवर सरकारची जकात व अबकारी चोख वसूल होई. माणसाच्या सुखाचे काय करावे या प्रश्नाला राज्यकर्त्यांनी दिलेले हे उत्तर. तत्त्वज्ञांनी दिलेली उत्तरे पुढे यावयाची आहेत.

मोरा बंदराच्या उत्तरेला, मध्ये पाण्याचा एक पट्टा सोडून, घारापुरीचे बेट आहे. सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास कोरलेले तेथील मुख्य लेणे 1987 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि त्यामुळे त्याची वर्णने उदंड झाली आहेत. परंतु भावनांचा ग्रंथ म्हणून ते फारसे कोणी वाचलेले नाही. उत्तरेच्या दाराने आत शिरताच उजव्या हाताला नृत्य करणारा शिव आणि डाव्या हाताला, त्याच्या बरोबर समोर, योगासनात स्थिर बसलेला शिव आहे. एकाच देवाची आत्यंतिक गती आणि आत्यंतिक निश्चलता उंबऱ्यावरच आमनेसामने मांडणाऱ्या त्या अज्ञात स्थपतींना काय सुचवावयाचे होते याची ग्वाही देणारा कोणताही शिलालेख तेथे नाही. पण रचना बोलकी आहे. आत दक्षिणेच्या भिंतीवर जी प्रचंड सदाशिवमूर्ती आहे, जिला लोक त्रिमूर्ती म्हणतात, तिचे पाहणाऱ्याच्या डाव्या हाताचे मुख अघोराचे, मिशाळ, विकृत भ्रुकुटीचे, सर्प धारण करणारे. उजव्या हाताचे वामदेवाचे, कोमल, कमळ धारण करणारे. आणि मधले मिटल्या डोळ्यांचे, शांत. आता हे मधले मुख इतर दोहोंना गिळून टाकीत नाही, त्यांना हद्दपारही करीत नाही. तिन्ही मुखे एकाच खांद्यांवर आहेत. विकारांचे नियमन म्हणजे विकारांचा उच्छेद असे मानणाऱ्यांनी त्या भिंतीसमोर थोडा वेळ उभे राहावे असे मला वाटते.

पूर्वेच्या बाजूला आणखी एक जोडी आहे, आणि माझ्या मते ती अधिक सूक्ष्म आहे. एका शिल्पपटात कैलासावर बसलेले शिव-पार्वती आहेत. अभ्यासक तो अक्षक्रीडेचा, म्हणजे सारीपाटाच्या खेळाचा प्रसंग मानतात आणि पार्वतीच्या वळलेल्या मुद्रेत खेळातला रुसवा पाहतात. त्याच्या समोरच्या पटात तोच कैलास रावण गदागदा हलवीत आहे. घरातल्या खेळातला क्षणिक मान आणि राजाचा जग हलवू पाहणारा दर्प, या दोन टोकांना एकच पर्वत आधार म्हणून द्यावा, आणि त्या दुसऱ्या पटातल्या शिवाने नुसत्या पायाच्या अंगठ्याने तो पर्वत दाबून धरावा, ही कल्पना ज्याची असेल त्याला लहान सुखदुःखांचे आणि मोठ्या क्षोभांचे नाते नक्की ठाऊक होते.

या लेण्याचा संबंध पाशुपत या शैव पंथाशी असावा असे अनेक अभ्यासकांचे मत आहे; आणि पाशुपतांविषयी येथे दोन शब्द अधिक लिहिणे प्राप्त आहे, कारण आपल्या तत्त्वज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांतून त्यांची वासलात फार घाईने लावली जाते. कौंडिन्याच्या भाष्यासह त्यांची सूत्रे 1940 साली त्रिवेंद्रम येथे छापली गेली, तोपर्यंत त्यांची कैफियतही परक्यांच्याच तोंडून ऐकावी लागत होती. त्यांच्या साधनेत हसणे, गाणे, नाचणे हे उपासनेचे अंग होते. आणि पुढच्या पायरीवर साधकाने आपली ओळख लपवून लोकांत वावरावे, झोप नसताना घोरावे, अंग कापत असल्याचे सोंग करावे, लंगडत चालावे, आणि लोकांकडून जो अवमान होईल तो जाणूनबुजून ओढवून घ्यावा, असा विधी होता. निंदकाचे पुण्य आपल्याकडे येते आणि आपले पाप त्याच्याकडे जाते, ही त्यामागची श्रद्धा आज कोणी स्वीकारो वा न स्वीकारो. मानापमानाच्या भावनेची मुळेच उपटण्यासाठी योजलेली इतकी धीट कसरत दुसरीकडे क्वचितच आढळेल. ‘क्वचित’ म्हणालो, कारण ती एका ठिकाणी आढळते. ग्रीसमध्ये सिनिक पंथाचा डायोजिनीझ पुतळ्यापुढे हात पसरून भीक मागे आणि विचारणाऱ्यास, नकार पचविण्याचा सराव करीत आहे, असे सांगे. डॅनिअल इंगॉल्स या अमेरिकन संस्कृतज्ञाने 1962 साली या दोन पंथांची तुलना केली. पाशुपतांच्या पाच पदार्थांतील शेवटचा पदार्थ ‘दुःखान्त’ हा आहे, ही गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. विक्षिप्तपणासाठी विक्षिप्तपणा असा तो मामला नव्हता.

ग्रीकांनी आमच्याकडून घेतले की आम्ही ग्रीकांकडून, हा वाद या ग्रंथात मी जाणूनबुजून उभा केलेला नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर धेनुकाकट येथील यवन दात्यांचे लेख आहेत. कल्याण बंदराचा उल्लेख पहिल्या शतकातील ग्रीक नाविकाच्या ‘पेरिप्लस’ या वृत्तांतात आहे. पिऱ्हो हा संशयवादी अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर हिंदुस्थानात येऊन येथील नग्न तपस्व्यांना भेटला होता. येणेजाणे होते, याला पुरावा आहे. विचारांची देवघेव झाली, याला तितका पक्का पुरावा नाही. आणि तो नसल्याने काही बिघडतही नाही. कारण दोन समुद्रांवर दोन माणसांना एकच भीती वाटली, तर तिच्यावरचा तोडगाही त्यांना वेगवेगळा सुचला असेल, असे मानण्याचे काही कारण नाही.

समुद्राचा उल्लेख आला तो सहज नव्हे. या विषयाच्या इतिहासात जहाजे पुन्हा पुन्हा येतात. स्टोइक पंथाचा संस्थापक झीनो हा व्यापारी होता आणि जांभळ्या रंगाचा माल घेऊन जाणारे त्याचे जहाज बुडाल्यानंतर तो अथेन्समध्ये तत्त्वज्ञानाकडे वळला, अशी कथा आहे. पिऱ्होविषयी सांगतात की, वादळात सहप्रवासी गर्भगळीत झाले असता त्याने गलबतावर शांतपणे खात असलेल्या डुकराकडे बोट दाखवून, शहाण्याची वृत्ती अशी असावी, असे म्हटले. मला हा दृष्टांत कधीच पटला नाही. डुकराला वादळाचा अर्थ कळत नाही म्हणून ते स्वस्थ आहे. ज्याला अर्थ कळतो त्याच्या स्वास्थ्याचा प्रश्न त्याने सुटत नाही.

तो प्रश्न ज्या गोष्टीत खरोखर सोडविला आहे ती दुसऱ्या शतकातील रोमन लेखक ऑलस गेलिअस याने नोंदवून ठेवली आहे. कॅसिओपाहून ब्रुंडिझिअमकडे जाणाऱ्या गलबतावर त्याच्याबरोबर एक नामांकित स्टोइक आचार्य होता. रात्री वादळ झाले, गलबतात पाणी भरू लागले, आणि गेलिअसने पाहिले तर आचार्यांचा चेहराही इतरांसारखाच पांढराफटक पडलेला. फरक इतकाच की ते आक्रोश करीत नव्हते. वादळ शमल्यावर आशियातील एका धनिकाने त्यांना टोमणा मारला आणि त्यांनी तो फटकारून परतविला. पण गेलिअसने नम्रपणे विचारताच त्यांनी आपल्या पडशीतून एपिक्टेटसच्या प्रवचनांचा पाचवा भाग काढून त्याच्या हाती दिला. तो भाग आज उपलब्ध नाही. गेलिअसने त्यातला जो आशय दिला आहे तेवढाच काय तो उरला. आशय असा की, एखादा भयंकर आवाज झाला, अशुभ वार्ता आली, तर ज्ञान्याचाही रंग उडतो, अंग आक्रसते. ही पहिली हालचाल कोणाच्याच स्वाधीन नाही. अज्ञ आणि सुज्ञ यांच्यातला भेद त्यानंतर सुरू होतो. आपल्या जुन्या कचेरीच्या भाषेत सांगावयाचे तर भय ही दारात आलेली अर्जी आहे. ती येऊ नये असा हुकूम काढण्याचा अधिकार कोणालाच नाही, परंतु तिच्यावर मंजुरीचा शेरा मारावयाचा की नाही हे सर्वस्वी आपल्या मुखत्यारीतले आहे. रोमन स्टोइक सेनेकाने क्रोधावरच्या आपल्या ग्रंथात हाच भेद तीन पायऱ्यांत मांडला: पहिला धक्का अनैच्छिक, दुसऱ्या पायरीवर मन ‘माझा अपमान झाला’ या विधानाला संमती देते, आणि तिसरीवर आवरण्यापलीकडे जाते.

हे एकदा ध्यानात आले म्हणजे गीतेतल्या कासवाचाही नीट उलगडा होतो. कासव आपले अवयव आत ओढून घेते, तसेच ते मनाला येईल तेव्हा बाहेरही काढते. ते कापून टाकीत नाही. 1290 साली नेवाशास ज्ञानदेवांनी जो गीतार्थ मराठीत आणला त्यातही स्थितप्रज्ञ हा रागद्वेष सुटलेल्या इंद्रियांनी विषयांत वावरणारा पुरुष आहे, विषयांपासून पळालेला नव्हे. त्याच अध्यायातला, नद्या येऊन मिळत असूनही मर्यादा न सोडणाऱ्या समुद्राचा दृष्टांत मोरा येथे बसून वाचताना मात्र थोडे हसू येते, कारण उधाणाच्या दिवसांत येथील समुद्र मर्यादा पाळण्याविषयी फारसा आग्रही नसतो.

सुखाच्या बाजूच्या मंडळींकडे आता वळतो. इसवी सनापूर्वी 341 मध्ये सामोस बेटावर जन्मलेल्या एपिक्युरसने अथेन्समध्ये एक बाग घेतली आणि मित्रांसह तीत राहिला. स्त्रिया व दास यांनाही तेथे मज्जाव नव्हता, आणि गावातल्या कुजबुजीला तेवढे निमित्त पुरेसे होते. प्रत्यक्षात तेथील आहार जवाची भाकरी आणि पाणी असा होता, आणि एका मित्राला त्याने लिहिले होते ते एवढेच की, थोडे चीज भांड्यात घालून पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल. त्याने इच्छांची तीन खाती पाडली: स्वाभाविक व आवश्यक, स्वाभाविक परंतु अनावश्यक, आणि दोन्हीही नसलेल्या, ज्यांत कीर्ती, सत्ता व अमर्याद धन येते. या वर्गवारीचा रोख काटकसरीकडे नाही. तो भयाकडे आहे. ज्याचे सुख सहज मिळण्याजोग्या वस्तूंवर उभे आहे त्याला उद्याची धास्ती कमी, आणि धास्ती कमी म्हणून हाती आलेल्या चिजेची गोडीही अधिक, असा तो हिशेब आहे. मूत्राश्मरीच्या असह्य वेदनांत मृत्यू समोर दिसत असताना त्याने मित्राला जे शेवटचे पत्र लिहिले त्यात वेदनांच्या पारड्यासमोर जुन्या संवादांच्या आठवणींचे पारडे ठेवले आहे. चीजच्या भांड्यापासून त्या पत्रापर्यंतचा रस्ता एकच आहे, हे त्याच्या टीकाकारांच्या लक्षात आले नाही.

सेनेका हा स्टोइक, म्हणजे एपिक्युरसच्या प्रतिपक्षातला. तरीही त्याने कबूल केले आहे की एपिक्युरस काही ठराविक दिवस मुद्दाम अपुरे खाऊन, आपल्या सुखात त्यामुळे काही उणे पडते का, याची परीक्षा घेत असे, आणि सेनेका स्वतःही मित्राला तसे करावयास सांगतो. आमच्या एकादशीची मूळ कल्पनाही यापासून दूर नसावी. पुढे साबुदाणा, वऱ्याचे तांदूळ आणि रताळी यांनी तिचे जे केले ते ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ या म्हणीत लोकांनीच नोंदवून ठेवले आहे.

चार्वाकांचा युक्तिवाद मात्र मोरा येथील कोळीवाड्यात उभे राहून वाचावा. सुखाबरोबर दुःख मिसळलेले असते म्हणून सुख टाका, या वैराग्यवाद्यांच्या म्हणण्याला त्यांनी दिलेले उत्तर माधवाचार्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे: ज्याला मासे हवेत तो खवले आणि काटे यांच्यासकट मासे घरी आणतो, घ्यावयाचे तेवढे घेतो आणि उरलेले टाकतो, ज्याला तांदूळ हवा तो कोंड्यासह भात आणतो, हरणे येतील म्हणून कोणी पेरणी टाळीत नाही, आणि भिकारी येतील म्हणून कोणी चूल पेटवावयाचे राहत नाही. बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घालणाऱ्या बाईला हे सांगावयास गेलात तर ती, यात विशेष ते काय, असेच म्हणेल. हे विलासाचे तत्त्वज्ञान नाही. कष्टाने जगणाऱ्या माणसाचा हा साधा विवेक आहे. उलट वैराग्याचा आग्रह धरणारे पुष्कळदा ज्यांच्या जेवणाची व्यवस्था दुसऱ्यांनी केलेली आहे असे असतात, ही माझी एक जुनी तक्रार आहे आणि ती मी येथेही दाखल करून ठेवतो.

एपिक्युरसचा रोमन शिष्य लुक्रेशिअस याच्याशीही माझा एका बाबतीत तंटा आहे. आपल्या महाकाव्याच्या दुसऱ्या सर्गाच्या आरंभी तो किनाऱ्यावर उभे राहून दुसऱ्याचे वादळाशी चाललेले झगडणे पाहण्यातल्या सुखाचे वर्णन करतो. परपीडेचा आनंद नव्हे, आपण त्या संकटातून मुक्त आहोत या जाणिवेचा आनंद, असा खुलासाही तो लगेच करतो. खुलासा मान्य करूनही म्हणावेसे वाटते की, हा किनारा कोणाचा आहे हे त्याने सांगितले नाही. ज्या वस्तीतली प्रत्येक बाई किनाऱ्यावर उभी राहून आपल्याच घरातल्या तांडेलाची किंवा खलाशाची वाट पाहते, त्या वस्तीला हे सुख ठाऊक असणे शक्य नाही. नारळी पौर्णिमेला सोन्याचा म्हणून जो नारळ समुद्राला अर्पण होतो त्यात भय, कृतज्ञता आणि उत्सव यांची जी सरमिसळ आहे, ती एपिक्युरसच्या बागेतल्या कोणत्याच खात्यात बसत नाही. प्राचीनांच्या मर्यादा जेथे मला दिसल्या तेथे त्या मी अशा रीतीने नोंदविल्या आहेत.

मराठीत या विषयाची चर्चा नवी नाही. लोकमान्य टिळकांच्या, मंडालेच्या तुरुंगात लिहून झालेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त आधिभौतिक सुखवाद आणि सुखदुःखविवेक या विषयांना स्वतंत्र प्रकरणे आहेत; आणि सरसकट सर्व असंतोष मारून टाकावा, हे मत टिळकांनी तेथे निःसंदिग्धपणे नाकारले आहे, जे एका राजद्रोहाच्या कैद्याकडून अपेक्षितच होते. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेली आणि साने गुरुजींनी उतरून घेतलेली ‘गीताप्रवचने’, आणि पुढे स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर त्यांनी तुरुंगातच केलेले विवरण, यांत तोच विषय वेगळ्या अंगाने येतो. मनोविकारांच्या नियमनावर मराठीतील हे महत्त्वाचे ग्रंथ तुरुंगातून यावेत, ही घटना मला योगायोगाहून काही अधिक वाटते. ज्याच्या लहानसहान सुखांचीही जप्ती झालेली आहे त्याला हा विषय टाळता येत नाही. अलीकडच्या काळात अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या उपचारपद्धतीचे ऋण एपिक्टेटसकडे उघडपणे मान्य केले, आणि मुंबईच्या डॉ. कि. मो. फडके यांनी ती पद्धती विवेकनिष्ठ मानसोपचार या नावाने मराठी वाचकांपर्यंत आणली. म्हणजे एका दासाचे मडके दोन हजार वर्षांनी दादर-गिरगावच्या वाचनालयांतही पोहोचले.

ग्रंथाच्या मांडणीविषयी थोडे सांगून ही लांबलेली प्रस्तावना आवरतो. प्रकरणे कालानुक्रमाने लावलेली नाहीत. प्रथम सुखवादी, मग विकारांचे वैद्य म्हणविणारे स्टोइक आणि बौद्ध, मग पाशुपत व सिनिक, आणि शेवटी गीता व तिचे मराठी भाष्यकार, असा क्रम ठेवला आहे. कारण लहान सुखांचा निकाल लागल्यावाचून पुढचे वाचले तर ते केवळ उपदेशासारखे वाटण्याचा धोका आहे. योगसूत्रांतील प्रतिपक्षभावनेचे, म्हणजे वाईट विचारासमोर त्याच्या उलट विचार उभा करण्याच्या साधनेचे, प्रकरण आकाराने लहान आहे, परंतु ते स्टोइकांच्या लगेच नंतर वाचावे अशी विनंती आहे. ग्रीक व लॅटिन नावे मराठीत जशी रूढ आहेत तशी ठेवली आहेत. घारापुरीवरचे प्रकरण ज्यांना लेणे प्रत्यक्ष पाहून मग वाचावयाचे असेल त्यांनी सोमवार टाळावा. त्या दिवशी लेणी बंद असतात.

मोरा, तालुका उरण